आगरात तंबू टाकण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याचं चौघांचं कुटुंब, त्यात दोन लहान मुलं. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तीन रात्री दापोली तालुक्यातल्या हर्णै-आंजर्ल्याच्या बाजूला राहायचं आहे. हॉटेल नको, तंबू स्वतःचा आहे. तो किनाऱ्यावर टाकावा की नारळी-पोफळीच्या बागेत? बंदरावरून मासे आणून आपले आपण शिजवता येतील का? रात्री शेकोटी चालेल का? आणि बागवाल्याशी आधी काय काय बोलून घ्यावं?

मी याच पट्ट्यात आगर, म्हणजे नारळी-पोफळीची बाग, राखतो, वर डोंगरात आंब्याची थोडी कलमं आहेत, आणि तंबू घेऊन येणाऱ्यांना जागा देतो. म्हणून आधी सरळ उत्तरं देतो. किनाऱ्यावर नको. आगरात चालेल, पण मागाल त्या कोपऱ्यात नाही. मासे शिजवता येतील, घर कोणाचं आहे ते बघून. शेकोटी चुलीएवढी. आणि तारीख बदलता आली तर बदला.

तारखेचं आधी उरकतो. नाताळ ते 1 जानेवारी या आठवड्यात कर्दे, मुरूड, हर्णै या भागात रस्त्यावर गाडी हलत नाही. किनाऱ्यावर मोठमोठ्याने गाणी लागलेली असतात आणि आमच्या घरातली प्रत्येक खोली, पडवीसुद्धा, भरलेली असते. त्या गर्दीत तंबूवाल्याकडे लक्ष द्यायला कोणाला सवड नसते. डिसेंबरचे पहिले दोन आठवडे किंवा संक्रांतीच्या पुढेमागे या. हवा तीच, गाव मोकळं. फेब्रुवारीच्या मध्यानंतर दुपारी तंबूत बसवत नाही, आणि ऑक्टोबरात संध्याकाळी विजा कडाडतात. दिवाळीच्या आसपास तर समुद्रात वादळ उठू शकतं. 2009 सालचं फयान आलं ते 11 नोव्हेंबरला, म्हणजे पाऊस संपला असं सगळ्यांनी मनात धरल्यावर. कोणत्याही महिन्यात आलात तरी एक खूण लक्षात ठेवा. हर्णैच्या बंदराला वादळात पुरेसा आडोसा नाही. त्यामुळे इशारा आला की इथल्या होड्या आंजर्ल्याच्या खाडीत नाहीतर थेट जयगडला आसऱ्याला जातात. बंदर एकाएकी रिकामं दिसलं तर तंबू गुंडाळा आणि पडवीत झोपायला या. त्या रात्रीचे पैसे कोणी मागणार नाही.

आणि नकाशावर ‘मुरूड’ टाकताना दापोलीचं मुरूड टाका. जंजिऱ्याच्या मुरूडला पोचून तिथून फोन करणारे दर मोसमात भेटतात. दोन गावांच्या मध्ये खाड्या आहेत. फेरीबोट धरा नाहीतर वळसा घाला, दिवस त्यातच जातो.

आता किनाऱ्याबद्दल. लोकांना तंबू हवा असतो तो पौर्णिमेच्या रात्री, पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, लाटांच्या जवळ. नेमक्या त्याच रात्री तिथे झोपणं सगळ्यांत वाईट. का, ते समजून घ्यायला भरतीचा जुना हिशोब पुरेसा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहाला, पौर्णिमा-अमावास्येला, म्हणजे पंधरा धरून, सव्वाअकराला. दिवसाही आणि रात्रीही. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, पण अंदाज चुकत नाही. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. म्हणजे पौर्णिमेला संध्याकाळी पाच-साडेपाचला पाणी सगळ्यांत मागे गेलेलं असतं. उधाणाचे दिवस असल्यामुळे ते नेहमीपेक्षाही जास्त मागे जातं आणि किनारा मैदानासारखा पसरलेला दिसतो. पाहुणे त्याच वेळी पोचतात, वाळू कोरडी बघून तंबू ठोकतात, गाडीही खाली आणतात. मध्यरात्रीच्या आधी तेच पाणी उधाणाच्या जोराने परत वर येतं. कर्दे-मुरूडला दरवर्षी गाड्या रुततात आणि ट्रॅक्टर आणून ओढाव्या लागतात, त्या बऱ्याचशा याच गणितामुळे. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात. तेव्हा पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. मुलांना पाण्यात खेळवायचं असेल तर हे दिवस बरे. खाडीच्या तोंडाशी मात्र कोणत्याच दिवशी नाही. ओहोटीला जोगनदीचं पाणी आंजर्ल्याच्या खाडीतून बाहेर ओढ घेतं, तिथे पोहणाराही टिकत नाही.

दुसरं कारण कासवांचं. आंजर्लं, केळशी, आणि पलीकडे मंडणगड तालुक्यातलं वेळास, या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. मादी रात्री वर येते. उजेड दिसला, हालचाल जाणवली की ती अंडी न घालताच परत फिरते. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत हा काळ असतो, म्हणजे तुमच्या आवडीचे सगळे महिने त्यात आले. पुढे पिल्लं बाहेर पडतात, ती उजेडाच्या दिशेने जातात, आणि शेकोटी किंवा टॉर्च असेल तर समुद्राऐवजी तिकडे वळतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धनाचं काम उभं केलं, आता बाकीच्या गावांतही वन विभाग आणि गावकरी मिळून घरटी राखतात. रात्री किनाऱ्यावर फिरायला जा, चालेल. उजेड न करता जा आणि झोपायला परत आगरात या.

तिसरं साधं आहे. पुळण माझ्या मालकीची नाही. ती सरकारची. तिथे झोपायची परवानगी मी देऊ शकत नाही, आणि जो कोणी पैसे घेऊन देतो त्याला विचारा की तुझी कुठून आली. किनाऱ्यालगतच्या सुरूच्या बनातही तंबू नको. सुरूची वाळलेली सुयांसारखी पानं खाली गादीसारखी साचतात, छान मऊ लागतात, आणि एका ठिणगीत भडकतात.

आता आगरातली जागा. येणारा माणूस माडांच्या मधोमध बोट दाखवतो. चित्रात तेच दिसतं ना! हिशोब करून बघा. दोन माडांत पंचवीस फूट अंतर असतं. चार माडांच्या बरोबर मध्ये उभं राहिलं तर प्रत्येक बुंधा साडेसतरा-अठरा फुटांवर. झावळीची लांबी पंधरा ते अठरा फूट. म्हणजे चौकाच्या मध्यावरही वरून झावळीचं टोक पोचू शकतं. असोला, म्हणजे न सोललेला, नारळ बुंध्याजवळ पडतो, पण वाळलेली झावळ वाऱ्यावर तरंगत येते आणि तिचा देठाकडचा भाग एखाद्या वाशाएवढा जड असतो. आम्ही स्वतः माडाखाली खाट टाकत नाही. पोफळीखाली त्या मानाने बरं. पण तिथे जमीन कायम ओली, डास फार, आणि बहुतेक आगरांत आता खाली नवी रोपं आहेत. 3 जून 2020च्या निसर्ग वादळात या पट्ट्यातली आगरंच्या आगरं आडवी झाली. पोफळ लावल्यापासून धरायला पाच-सात वर्षं घेते, माड तेवढीच किंवा जास्त. म्हणजे गुडघाभर दिसणारं ते रोप आमच्या पुढच्या दहा वर्षांचं उत्पन्न आहे. त्यावर दोरी अडकली, मुलगा धावता धावता पडला, तर आम्ही ‘असू दे’ म्हणतो, पण असू दे नसतं. बऱ्याच घरांनी पाहुणे घ्यायला सुरुवात केली किंवा वाढवली ती त्या वादळानंतरच. हातात रोख यायला दुसरा मार्ग नव्हता.

मग खळं, म्हणजे घरापुढचं अंगण? डिसेंबर-जानेवारीत खळ्यात सुपारी वाळत असते, आणि ती महिना-दीड महिना उन्हात लागते. अर्धं खळं मोकळं असलं तरी तिथे तंबू टाकला की दुपारी त्याची सावली सुपारीवर पडणार, नाहीतर सकाळी सुपारी पसरायला आलेली बाई तुमच्या दोऱ्या ओलांडत फिरणार.

माझ्या मते सगळ्यांत चांगली जागा म्हणजे भात कापून मोकळा झालेला तुकडा, घराच्या हाकेच्या अंतरावर. पण तो खरंच मोकळा आहे का ते विचारा. भात निघालं की उरलेल्या ओलीवर वाल, कुळीथ, चवळी टाकतात. पहिले पंधरा दिवस ते गवतासारखं दिसतं आणि शहरातला माणूस निर्धास्तपणे त्यावर गाडी घालतो. मोकळ्या तुकड्यात भाताची धसकटं टोकदार असतात, तंबूचा तळ फाडतात. ती विळ्याने जमिनीलगत कापून वर झाप अंथरा. झाप म्हणजे झावळीची विणलेली चटई. आमच्याकडे मागा, मिळते. पेंढा मागू नका. तो गुरांचा आहे आणि त्यात किडे येतात.

कलमांच्या बागेत वर डोंगरात राहायचं वेड अनेकांना असतं. समुद्र दिसतो, वारा असतो. तिथे दोन अडचणी. एक, जमीन जांभ्याची. खुंटी शिरत नाही, दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात आणि ते दगड उचलताना खाली काय आहे ते आधी काठीने बघावं लागतं. दुसरी अडचण मोठी आहे. मोहोर फुटायच्या आधीपासून फळ धरेपर्यंत, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी-मार्च, हापूसवर साधारण पंधरवड्याच्या अंतराने फवारणी चालते. तुडतुड्यासाठी कीटकनाशक, भुरीसाठी बुरशीनाशक. फवारलेल्या कलमाखाली लहान मुलांना झोपवायचं नाही, तिथे स्वयंपाक करायचा नाही, पानं तोंडात घालायची नाहीत. मालक ‘काही होत नाही’ म्हणाला तरी नाही. शेवटची फवारणी कधी झाली आणि पुढची कधी आहे, हे दोन प्रश्न फोनवरच विचारा. या महिन्यांत कलमाखाली जागा देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, मग पाहुण्यांनी कितीही गळ घातली तरी.

आगराची जमीन पुळणीची असेल तर खुंट्या संध्याकाळच्या वाऱ्याला उपटून येतात. यावर इथला उपाय फुकट आहे. हातभर खोल खड्डा करा, नारळाच्या सोडणाला, म्हणजे वरच्या काथ्याच्या सालीला, मधोमध दोरी बांधून ते आडवं पुरा, वर ओली वाळू दाबा. लोखंडी खुंटीपेक्षा जास्त धरतं. निघताना मात्र उकरून दोरी काढून घ्या.

वाऱ्याचंही गणित बघा. दुपारपासून खारा वारा समुद्राकडून येतो, रात्री उशिरा तो पडतो आणि पहाटेपर्यंत मतलई, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. म्हणून तंबूच्या पूर्व आणि पश्चिम अशा दोन्ही खिडक्या उघड्या राहतील असा तो टाका, आणि चूल तंबूच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला मांडा. नाहीतर संध्याकाळी नाही तर पहाटे, एका वेळी धूर आत येणारच. खिडक्या बंद ठेवल्या तर चौघांच्या श्वासाचं पाणी आतल्या बाजूने ठिबकतं आणि सगळे म्हणतात तंबू गळतो. वरचं आच्छादन मात्र काढू नका. जानेवारीत दव एवढं पडतं की सकाळी खालची जमीन पाऊस पडल्यासारखी ओली असते. दापोलीएवढी थंडी खाली किनाऱ्याला नसते, एक चादर आणि एक शाल पुरते. घरी परत गेल्यावर तंबू गोड्या पाण्याने धुवा, चेनवर मेणबत्ती घासा. खाऱ्या हवेत चेन पहिली जाते.

पाण्यावर जरा सविस्तर बोलतो, कारण भांडणं तिथेच होतात. आगराला शिपणं लागतं. पूर्वी रहाट होते, आता पंप आहे, काहींनी ठिबक केलंय, पण वेळापत्रक तेच राहिलंय. वीज असेल तेव्हा पंप सुरू, पाटाने पाणी आळ्या-आळ्यांत, आज अर्धं आगर, उद्या उरलेलं. सकाळी सहा ते नऊ घरातला कर्ता माणूस पाटावर असतो. त्या वेळी गरम पाणी, चहा, कालच्या चार्जरचं काय झालं, हे प्रश्न विचारू नयेत. पाटात साबण नको. ते पाणी पुढे सुपारीच्या मुळाशी जातं. मुलांनी पाटात पाय घालून खेळावं, आमचीही खेळतात, पण बांध फोडला की पाणी भलत्या आळ्यात जातं, तेवढं बघा. विहीर दिसायला भरलेली असली तरी समुद्र जवळ आहे. फार उपसा झाला की तळातून मचूळ पाणी येतं, आणि ते एकदा आलं की पावसाळ्यापर्यंत जात नाही. म्हणून आंघोळीला बादली. विहिरीवर शॉवर लावून मागणाऱ्यांना मी नाही म्हणतो.

शौचाला घराचं शौचालयच वापरा. डोंगरात खड्डा खणून मातीने बुजवायची पद्धत इथे चालत नाही. पुळणीच्या जमिनीत पाणी फार वर असतं आणि पुढच्या आगरातली विहीर पन्नास पावलांवर. रात्री लांब वाटतं म्हणून तंबू लांब टाकू नका, घराजवळच टाका.

आता मासे. मुरूड, आंजर्लं, केळशी इथली बरीच आगरं चित्पावन कुटुंबांची आहेत आणि त्यांतल्या अनेकांच्या घरात किंवा अंगणात मासा शिजत नाही. तंबू वेगळा असला तरी आगर त्यांचंच. त्यामुळे जागा ठरवतानाच विचारा, पिशवी घेऊन दारात उभं राहिल्यावर नको. पुष्कळजण मग शेजारच्या भंडाऱ्याच्या, कुणब्याच्या नाहीतर मुसलमान घरात जेवणाची सोय सांगतात, आणि ते जेवण तुमच्या तंबूतल्या प्रयोगापेक्षा नक्की चांगलं असतं. जिथे चालतं तिथेही सोमवार, गुरुवार, संकष्टी असे वार-तिथी विचारून घ्या.

हर्णैचा लिलाव संध्याकाळी, साधारण चारच्या पुढे रंगतो. होड्या खोल पाण्यात थांबतात आणि माल किनाऱ्यावर आणायला बैलगाड्या पाण्यात उतरतात. बघण्यासारखं आहे, पण उभं कुठे राहायचं ते कळलं पाहिजे. गाडीचा बैल पाण्यातून ओझं ओढत येत असतो, त्याच्या वाटेत फोटोसाठी थांबू नका. लिलाव टोपल्यांचा आणि ढिगांचा होतो, तिथे किलोभर मागून हसं करून घेऊ नका. बोली लागली की माल व्यापाऱ्याचा. बाजूला बायका वाटे लावून बसलेल्या असतात, तुमची खरेदी त्यांच्याकडे. घासाघीस करा, त्यांनाही आवडते, पण भाव पाडून मग ‘नको’ म्हणून उठू नका. त्यांच्या तोंडून काय ऐकावं लागेल याची हमी मी देत नाही. कल्ले लाल, डोळे भरलेले, बोट दाबलं की खळगा राहू नये, एवढं बघा. पापलेट आणि सुरमईच्या मागे सगळे असतात म्हणून ती महाग. चुलीवर करायला मी बांगडा सांगेन. साफ करायला सोपा, तेल कमी लागतं. मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून तव्यावर टाका. लहान पिल्लांएवढी सुरमई कोणी स्वस्तात दिली तरी घेऊ नका.

मासे तिथेच कापून घ्या. कापणारी बाई थोडे पैसे घेते, द्या. घाण तिथेच राहू दे. आगरात मासे साफ केले की मांजरं, कुत्रे येतात आणि रात्री कोल्हे. आतडी-खवले माडाच्या बुंध्यात ‘खत’ म्हणून टाकणारे पाहुणे आहेत. खत होतं ते खोल पुरलं तर. वर टाकलं तर चार दिवस वास मारतं. आणि हर्णैला जायचं ते 1 जून ते 31 जुलै सोडून. त्या दोन महिन्यांत राज्यात यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. पावसात तंबू घेऊन तसंही कोणी शहाणा माणूस येत नाही.

पाजपंढरीसारख्या कोळीवाड्यातून चालताना खाली बघून चाला. वाळूवर, ओट्यांवर मासळी वाळत असते, जाळी पसरलेली असतात. जाळ्यावरून बुटाने जाऊ नका. एक धागा तुटला की ते भोक शिवायला कोणाची तरी दुपार जाते. ओढून ठेवलेल्या होडीत मुलांना चढवण्याआधी विचारा, आणि चपला काढायला सांगा. होडीची पूजा होते. बायकांचे फोटो विचारून. बहुतेक जणी हो म्हणतात, काही जणी नाही, आणि नाही म्हणजे नाही.

शेकोटीचं. तुम्हाला आकाशाला भिडणारी हवी असते, मला परातीएवढी. जळण आगरातच आहे. वाळलेली झावळ पेटवायला, सोडण धुमसायला, करवंटी कडक जाळाला. फांदी तोडायची गरज नाही आणि कलमाची तर नाहीच. काजूची टरफलं मात्र आगीत टाकू नका. त्यांतलं तेल उडतं, धूर डोळ्यांना आणि कातडीला झोंबतो. जानेवारीनंतर डोंगरातलं गवत वाळतं आणि एक ठिणगी वाऱ्यावर गेली की वणवा लागतो. आंबा-काजूची बाग एका दुपारी जाते. म्हणून चूल खाली, ओल्या जमिनीवर, बाजूला पाण्याची भरलेली बादली, आणि दहा वाजता विझवायची. विझवायची म्हणजे पाणी ओतून, राखेत हात घालता येईपर्यंत. वाळू टाकून झाकलेला निखारा रात्रभर जिवंत असतो आणि सकाळी त्यावर कोणीतरी अनवाणी पाय देतो. आमच्याकडे आगरात सगळे अनवाणीच असतात.

साप-विंचवाची भीती जेवढी हवी तेवढीच बाळगा. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं पुष्कळ. ते जांभ्याच्या दगडांत आणि गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, असतं, लहान असतं आणि मातीच्या रंगाचं असल्यामुळे दिसत नाही. गडग्यावर बसायचं नाही, त्यात हात घालायचा नाही, आगरात अंधारात टॉर्चशिवाय चालायचं नाही, तंबूची चेन कायम बंद, बूट झटकून घालायचे. एवढं पाळलं की खूप झालं. चावलंच तर बांधाबांध, कापाकापी, मांत्रिक काही नाही. हात-पाय हलवू न देता दापोलीचं उपजिल्हा रुग्णालय गाठायचं, 108ला फोन करायचा. फुरसं, घोणस, नाग, मण्यार या चौघांच्या विषावर लस एकच असते. विंचू लाल असेल तर लहान मुलांना धोका मोठा, घाम सुटला, उलटी झाली की थांबायचं नाही. महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर वापरून कोकणातले मृत्यू फार खाली आणले. ते आता इथल्या डॉक्टरांना ठाऊक असतं. वेळेत पोचणं एवढंच तुमच्या हातात.

बिबट्याविषयी सगळे विचारतात, माकडांविषयी कोणी नाही. बिबट्या तुम्हाला दिसणार नाही. माकडं मात्र दुपारी तंबूत कोणी नाही बघून येतात आणि बिस्किटाच्या एका पुड्यासाठी कापड फाडून आत शिरतात. खाणं घरात ठेवायला द्या. रात्री गडगा ओलांडून दुसऱ्याच्या बागेत भटकू नका. एक तर गडग्याच्या पलीकडचा भाऊबंद माझ्याशी बोलत असेलच असं नाही. दुसरं म्हणजे रानडुकरांसाठी कोणी फासकी लावतो, कोणी तारेत वीज सोडतो. बेकायदा आहे, तरी होतं, आणि माणसं मेली आहेत.

बागवाल्याशी काय बोलायचं, तर वर आलं त्यातलं बहुतेक. कोणती जागा, फवारणी कधी, मासा चालतो का, शौचालय कुठे, रात्री दिवा लागेल अशी सोय आहे का. पैशाचं स्पष्ट करा. जागेचे वेगळे, जेवणाचे वेगळे, जळणाचे आणि शहाळ्यांचे वेगळे. शहाळं पाडायला चढणारा गडी रोज येत नाही, त्याचा वार असतो, तेव्हा ‘आत्ता एक काढा ना’ म्हणू नका. जेवण हवं तर आदल्या रात्री सांगा. इथे सात-बारावर आठ-दहा नावं असतात, म्हणून आगरात प्रत्यक्ष राहतो त्याच्याशीच ठरवा, मुंबईतल्या चुलतभावाशी नाही. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 साली आलं, त्याखाली नोंदणी केलेली काही घरं आहेत. नोंदणी असली तर चांगलं, पण पहिल्यांदा येताना मी तरी बोलण्यावरूनच पारख करायला सांगेन. फवारणीची तारीख विचारल्यावर जो नीट उत्तर देतो, तो बाकीचंही नीट सांगतो.

गाडी दारापर्यंत येईल असं धरू नका. आंजर्लं, केळशीत घरांपर्यंत पाखाड्या, म्हणजे पायवाटा आहेत, दगडी आणि अरुंद. सामान हातात मावेल एवढंच आणा. गावात प्लास्टिक उचलणारी गाडी रोज येत नाही, तुमचा कचरा दापोलीपर्यंत तुमच्याच गाडीत.

निघताना खुंट्या मोजा. एखादी वाळूत राहिली तर ती पुढच्या पावसात बैलाच्या खुरात जाते, नाहीतर गवत कापायच्या यंत्राचं पातं उडवते. आणि फोन कराल तो दुपारी बारा ते तीनमध्ये करा. सकाळी आम्ही पाटावर असतो आणि चारनंतर निम्मं गाव बंदरावर.